‘लुक आफ्टर’ म्हणजे नक्की काय करायचं

फेब्रुवारी संपत आला की माझं बूड एका जागी टिकत नाही. खरं म्हणजे या दिवसांत मला हलायलाच सवड नसते. हॉलमध्ये सतरंजीवर दहावीची मुलं बसलेली, एक बॅच उठते तोवर दुसरी दारात चपला काढत असते. तरी मी सारखी उठते. खिडकी लावते, पुन्हा उघडते. पुसलेला फळा पुसते. मुलंही तशीच. कोणाचा पाय हलतोय, कोणी पेनाचं टोपण चावतंय, कोणी घड्याळाकडे बघून खोटंच खोकतंय. हवेलाही काही ठरवता येत नाही. सकाळी शाल, दुपारी घाम. मुलुंडच्या आमच्या गल्लीत सावरीची लाल फुलं धप्पकन पडतात, त्यांच्यावरून रिक्षा जातात, आणि चिकट लगद्यावरून घसरत मुलं क्लासला येतात. समोर नवा टॉवर उठतोय. त्याच्या ड्रिलच्या आवाजात मी इंग्रजी शिकवते, म्हणजे ओरडते.

या वर्षीही परवा फ्रेजल व्हर्ब्ज काढली. दोन साधे, ओळखीचे शब्द शेजारी बसवायचे आणि अर्थ मात्र तिसराच निघतो, असा हा प्रकार. ‘लुक’ म्हणजे बघणे. ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. ‘लुक आफ्टर’ म्हणजे?

‘टीचर, नंतर बघू!’ मागून एक आवाज आला. सगळे हसले. मीही हसले. दरवर्षी कोणीतरी हा विनोद करतोच, आणि दरवर्षी त्याला वाटतं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

गाइडमध्ये याचे समानार्थी शब्द एका ओळीत दिलेले असतात. टेक केअर ऑफ, टेंड, माइंड, वॉच ओव्हर, अटेंड टू. मुलं ती ओळ पाठ करतात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. मला ती ओळ तेवढ्यात संपत नाही. माइंड म्हणजे बँकेत शेजारच्या बाईला आपण ‘जरा माझी पिशवी बघा हं’ म्हणतो, ते. टेंड म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसणं. पण बागेतल्या रोपांनाही तोच शब्द चालतो आणि मेंढ्यांनाही. वॉच ओव्हर चांगलाच आहे, पण पाळत ठेवण्यापासून फार लांब राहत नाही. अटेंड टू हा दवाखान्यातला, पायात पांढरे बूट घातलेला शब्द.

आणि आपल्याकडे? मुलांना सांभाळतात. दागिने जपतात. घर राखतात. बिल्डिंगची देखभाल होते, निदान सोसायटी तसं म्हणते. म्हाताऱ्या माणसांचं मात्र ‘करतात’. काय करतात ते कोणी सांगत नाही. ‘तिनं सासूचं फार केलं’ एवढं म्हटलं की ऐकणारी बाई मान हलवते, तिला सगळं कळलेलं असतं. पथ्याचं जेवण, ओल्या चादरी, अर्धवट झोप, आपली कामं बाजूला ठेवणं. नाहीतर म्हाताऱ्यांना ‘बघतात’. आमच्या नातेवाइकांत ‘वडील कसे आहेत?’ याच्या आधी ‘वडिलांना कोण बघतं?’ असं विचारतात.

माझी भाची मुक्ता दहावीला होती, त्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर मी होते.

दोन-अडीच खोल्यांत राहणाऱ्या आमच्यासारख्या उपनगरी माणसांकडे दहावीचं वर्ष कसं पाळतात ते सांगायला हवं. केबल काढतात. लग्नाला एकटा नवरा जाऊन आहेर देऊन येतो. पाहुण्यांना ‘मार्चनंतर निवांत या’ असं सांगतात. आणि घरात आजी किंवा आजोबा असतील तर त्यांना हलवतात. बोरिवलीची आजी मुलुंडला, मुलुंडचे आजोबा अंधेरीला. कोणी वाईट वाटून घेत नाही, निदान दाखवत नाही. औषधं, चष्मा आणि कानटोपी पिशवीत टाकून ती माणसं मुलाकडून मुलीकडे जातात. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या बाकावर फेब्रुवारीत नवे म्हातारे दिसू लागतात. वॉचमनला त्यांची नावं पाठ होईपर्यंत ते परत गेलेले असतात.

तर वहिनीचा फोन आला.

‘ताई, रागवू नका हं. मुक्ताचं तुम्हाला माहितीये. नाना पहाटे उठून खोकत बसतात, तिची झोप मोडते. पेपर होईपर्यंतच.’

‘अगं, माझ्याकडे दिवसभर पोरं असतात.’

‘पण तुमच्याकडे खोली तरी रिकामी आहे. आमच्याकडे ते हॉलमध्ये, ती हॉलमध्ये. मी कुठे कुठे बघू?’

खोटं नव्हतं. माझा मुलगा पुण्याला शिकत होता, नवऱ्याची नोकरी फिरतीची. आणि वहिनीबद्दल कोणी ब्र काढू नये. नाना, म्हणजे माझे वडील, घाटकोपरला पंतनगरमध्ये आपल्या एक खोली-किचनमध्ये एकटे राहायचे. आई गेल्यावरही राहिले. मग एकदा जिन्यात पडले, कंबर दुखावली, आणि दादा त्यांना बोरिवलीला घेऊन गेला. तेव्हापासून वहिनी त्यांचं करत होती. करत होती म्हणजे खरोखर करत होती. कोमट पाणी हातात, गोळी हातात, टॉवेल हातात. दाढीसुद्धा रविवारी दादा करून द्यायचा.

दादाने नानांना हाताला धरून लिफ्टमधून आणलं. सोफ्यावर बसवलं, पाठीला उशी दिली. मग मला किचनमध्ये नेऊन हळू आवाजात सूचना दिल्या. गॅसपाशी जाऊ द्यायचं नाही, हात थरथरतो. एकट्याने खाली पाठवायचं नाही. बाथरूमला आतून कडी लावू द्यायची नाही. आम्ही बाहेर आलो तर नाना उशी बाजूला काढून ताठ बसले होते.

‘परीक्षा झाली की मी पंतनगरला जाणार,’ ते म्हणाले. नमस्कार-चमत्कार नाही, पाणी नाही. जणू वाटेत एवढं एकच वाक्य ते धरून बसले होते.

‘बघू ना, नाना,’ दादा म्हणाला.

‘तू बघू नकोस. मी जाणार आहे.’

दादाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मीही मान डोलावली. ऐंशीचा माणूस, थरथरता हात, एकट्याचं घर. नाना परत जाऊ शकत नाहीत याबद्दल आम्हा दोघांत कधी चर्चाच झाली नव्हती. ते ठरलेलंच होतं. नाना सोडून सगळ्यांना ते माहीत होतं.

पहिले काही दिवस ते सोफ्यावर बसून राहिले. म्हणजे बसवले तसे. मी मधल्या सुट्टीत पाणी द्यायची, गोळी द्यायची, आणि पळायची. बोरिवलीसारखं करणं मला शक्यच नव्हतं. एक बॅच जाऊन दुसरी यायच्या मधे कुकर लावायचा की नानांचं पाणी कोमट करायचं, यात कुकर जिंकायचा. चहाची वेळ टळायची. एकदा मी रिपोर्टेड स्पीच शिकवत होते आणि किचनमधून आल्याचा वास आला. आधी वाटलं, शेजारून येतोय. मग कपबशीचा आवाज झाला. नाना पडद्यामागून बाहेर आले, हातात ट्रे, ट्रेमध्ये कप, बशीत थोडा चहा सांडलेला.

‘तुझी वाट बघत बसलो तर संध्याकाळ होईल,’ म्हणाले. मग मुलांकडे वळून, ‘तुमच्यापैकी कोण पितं रे?’

सगळ्यांनी हात वर केले. वर्गात इतके हात मी कधी बघितले नव्हते.

‘आजोबा, झकास झालाय!’ ओंकार नावाचा एक आगाऊ मुलगा म्हणाला. ‘रोज मिळेल का?’

‘अभ्यास केलास तर.’

‘मग राहू द्या, आजोबा.’

मी गॅस बंद केलाय का ते बघायला धावले. बंद होता. ओटाही पुसलेला होता, पुसायचं फडकं मात्र माझं चांगलं वापरलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणणार होते, नाना, तुम्ही नका करू. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे जादा बॅच होती आणि चहा मलाही हवा होता.

तिथून ते सुटलेच. आमच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई चपलांवरून भांडायच्या. मुलांच्या चपला त्यांच्या दारापर्यंत पसरायच्या. नानांनी ते काम घेतलं. दारात स्टूल टाकून बसायचे आणि येणाऱ्याकडून चपला भिंतीला लावून घ्यायचे. त्याच आठवड्यात मी ‘लुक आफ्टर’ वापरून वाक्य करायला सांगितलं होतं. सगळ्यांनी एकच लिहिलं: माय मदर लुक्स आफ्टर मी. श्रेया नावाची एक मुलगी होती, नेहमी गप्प असायची. तिनं वाचलं, ‘टीचर्स फादर लुक्स आफ्टर अवर चप्पल्स.’

वर्गात हशा पिकला. दारातून नाना ओरडले, ‘काय म्हणाली ती? माझं नाव घेतलंन ना?’

‘तुम्ही आमच्या चपला सांभाळता असं म्हणाली, आजोबा!’

‘मग! कंपनीत अख्खा पॅकिंग विभाग सांभाळलाय. अंधेरीला. तुमच्या चपला काय घेऊन बसलात!’

त्यांच्या तोंडून कंपनीचं नाव मी फार दिवसांनी ऐकलं. बोरिवलीला ते कशाबद्दलच बोलायचे नाहीत. ‘हो’, ‘नको’, ‘ठीक’. आम्हाला वाटायचं, वय झालं.

एका दुपारी मात्र माझा जीव उडाला. बॅच चालू होती, नाना स्टुलावर नव्हते. बाथरूममध्ये नव्हते, खोलीत नव्हते. मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला सांगून मी खाली पळाले. बाकावर नव्हते. वॉचमन म्हणाला, ‘वो तो कब के गये.’ मी गेटपाशी उभी राहून डावीकडे बघू की उजवीकडे हे ठरवत होते, तेवढ्यात ते कोपऱ्यावरून आले. रमतगमत. गुळगुळीत दाढी, केस कापलेले, हातात मेथीची जुडी.

‘न्हाव्याकडे बसलो होतो,’ म्हणाले. ‘मेथी स्वस्त होती. तू खाली काय करतेस? वर्ग सोडून?’

वर वर्गात चोवीस कान टवकारलेले होते. राग पोटात घेऊन उताऱ्यावरचे प्रश्न तपासले. रात्रीपर्यंत तो राग कुठे गेला ते कळलं नाही. मेथी निवडताना त्यांनी अर्धी जुडी आपल्याकडे ओढली होती आणि आम्ही बराच वेळ निवडत बसलो होतो. त्यांचा हात थरथरत होता. पानं मात्र नीट निघत होती.

मला हे कुठेही श्रेय म्हणून लिहायचं नाही. मी काही ठरवून केलं नव्हतं. माझ्याकडे वेळ नव्हता, एवढंच. माझ्याकडे वेळ असता तर मीही पाणी कोमट करून हातात दिलं असतं.

मुक्ताचा शेवटचा पेपर झाला आणि दादा-वहिनी पेढे घेऊन आले, नानांना न्यायला. उन्हं चांगलीच तापली होती. मी आत सरबत करायला वळले तर नाना आधीच ओट्याशी उभे होते, लायटर हातात.

‘नाना!’ वहिनी ओरडली. ‘अहो, काय करताय?’

‘चहा. तू बस.’

वहिनी बसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. ‘ताई, मी इतके दिवस त्यांना गॅसच्या आसपास फिरकू दिलं नाही. रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बघितलं. आणि तुम्ही त्यांच्याकडून चहा करून घेता? पोरांसाठी?’ तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं.

नानांनी गॅस बारीक केला. ‘इकडे ये,’ तिला म्हणाले. ‘तू माझं जेवढं केलंस तेवढं माझ्या पोटच्या पोरांनी केलं नाही. हे मी चार लोकांत सांगतो. पण सगळंच तू केलंस गं. माझी दाढीसुद्धा माझी राहिली नाही.’

‘आणि पडलात तर?’ दादा दारातून म्हणाला.

‘बोरिवलीला मोरीत पडलो तेव्हा घरात तुम्ही सगळे होतात ना रे?’

दादा चिडून म्हणाला, ‘लोक काय म्हणतील, नाना? दोन मुलं असून बाप एकटा राहतो?’

‘लोकांना माझ्याकडे पाठव. चहा पाजतो.’

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. चहा उतू जायच्या बेतात होता. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, ‘जाऊ दे त्यांना, दादा.’ मी असं का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नानांसाठी म्हटलं असेल. सुट्टीत मुलगा घरी येणार होता, खोली लागणार होती, त्यासाठीही म्हटलं असेल. दोन्ही असेल. दादा पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून खाली गाडीत जाऊन बसला.

पंतनगरची खोली उघडली तेव्हा आत झुरळं, धूळ आणि बंद घराचा कुबट वास होता. मी पदर खोचला. नळ सोडला, माळा झाडला, बल्ब बदलले. दोन्ही खिडक्या उघडल्यावर शेजारच्या परेराबाई आल्या. वसईकडच्या, जन्म इथेच गेलेला, तोंड भयंकर. ‘आलात का एकदाचे!’ नानांना म्हणाल्या. ‘मला वाटलं, मेलात बोरिवलीला.’ नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला धावले तर त्यांनी हातानेच थांबवलं. अंधार पडायच्या आत मला म्हणाले, ‘आता नीघ तू. हायवेला ट्रॅफिक होईल.’ मला अजून फडताळ आवरायचं होतं. ‘ते माझं मी बघेन,’ म्हणाले.

सगळं छान झालं असं कोणी समजू नये. गेल्या पावसाळ्यात ते पुन्हा पडले. मनगट मोडलं. परेराबाईंनी धडक मारून दार उघडलं, त्यांच्या मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दादा मला एकच वाक्य बोलला, ‘झालं समाधान?’ आणि मग बरेच दिवस काहीच बोलला नाही. प्लास्टर होतं तोवर नाना बोरिवलीला राहिले, वहिनीने पुन्हा सगळं केलं, तोंड वाकडं न करता केलं. प्लास्टर निघालं तसे नाना पंतनगरला परतले. आता वहिनी रविवारी डबा घेऊन जाते, मी मधेच एखाद्या वारी. डब्यातलं अर्धं परेराबाईंकडे जातं, हे वहिनीला माहीत नाही.

आणि मी रोज सकाळी फोन करते. कारण शोधून. नाना, पाणी आलं का? नाना, पेन्शन जमा झाली का? नाना, ऊन फार आहे. ते सगळं ओळखतात. ‘हजेरी घेतेस का? प्रेझेंट!’ म्हणून ठेवून देतात. त्या एका शब्दाने माझा दिवस सुरू होतो. तो शब्द ऐकेपर्यंत मी घरभर फिरत असते, हातात फोन.

परवा त्यांनी फोन उचलला नाही. सकाळची बॅच बसलेली होती. पुन्हा केला, नुसती रिंग. परेराबाईंचा बंद. मी वर्गात येऊन कर्ता-कर्म करत राहिले आणि दर वाक्याला फोनकडे बघत राहिले. शेवटी मुलांना जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली आणि रिक्षात बसले. हायवेवर कामं चालू. रिक्षावाल्याला मी तीनदा म्हणाले, जरा जल्दी. तो म्हणाला, ‘मॅडम, उडवू का?’ विक्रोळीपर्यंत माझ्या डोक्यात सगळं होऊन गेलं होतं. दवाखाना, दादाचा चेहरा, दादाने म्हणायचं वाक्य.

जिना चढून गेले. दाराला बाहेरून कुलूप. पितळी, नीट लावलेलं.

शेजारचं दार उघडलं. परेराबाई, हाताला पीठ लागलेलं. ‘नाना ना? ते सकाळीच गेले. मेट्रोने अंधेरीला. कंपनीतला कोण मित्र आहे त्यांचा, तो आजारी पडलाय, त्याला बघायला. तुला सांगितलं नाही? फोन घरात वाजतोय कवापास्नं, डोकं उठलं माझं!’

मी जिन्यातच टेकले. परेराबाईंनी पाणी दिलं, म्हणाल्या, ‘ये की आत.’ मी म्हटलं, नको, पोरं बसलीत. त्या दार लोटून गेल्या.

माझ्याकडे त्या कुलपाची जादा किल्ली आहे. पर्सच्या आतल्या कप्प्यात. ती काढून मी हातात धरली. आत गेले असते तर काय केलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. औषधाच्या पट्ट्या तपासल्या असत्या. फ्रिज उघडून शिळं टाकलं असतं. बाथरूमची फरशी खरवडली असती, फोन चार्जिंगला लावला असता, बनियन धुवायला टाकले असते. हात शिवशिवत होते. खालून भाजीवाल्याची हाक येत होती, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी किल्ली परत आत टाकली आणि जिना उतरले.

संध्याकाळी शेवटची बॅच सुटता सुटता त्यांचा फोन आला.

‘आली होतीस म्हणे.’

‘हो. फोन उचलत नव्हता तुम्ही.’

‘घरी विसरलो. दत्तू झोपूनच आहे, पार वाळलाय. त्याच्या मुलाला वाटतं, त्याला काही कळत नाही. सगळं कळतं त्याला. मी त्याला पेपर वाचून दाखवला.’ मग जरा थांबून, ‘तुझ्याकडे किल्ली आहे ना? मग आत का नाही बसलीस?’

‘तुम्ही घरात नव्हता, नाना.’

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

‘बरं केलंस,’ म्हणाले. ‘उद्या सकाळी करू नकोस. मी करीन.’